पाठमोरा पाहुणा

मान खाली घातल्याशिवाय फोटो निघायचाच नाही, असा तो कॅमेरा होता. डोळ्याला लावायची सोयच नाही. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि विहिरीत डोकवावं तसं आत बघायचं. आत काचेवर समोरचं जग दिसे, तेही डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. यजमान हयात होते तोवर त्या कॅमेऱ्याला घरात कुणी हात लावायची छाती करत नसे. ते गेल्यावर बाहत्तराव्या वर्षी बाओजूबाईंनी तो पोटाशी धरला आणि तैवानमधल्या कीलुंग बंदराच्या रस्त्यांवर भलताच गोंधळ सुरू झाला. बाई फोटोसाठी मान खाली घालत आणि समोरच्याला वाटे, या आपल्याला वाकून नमस्कार करताहेत. मासळीवाल्या सुरी खाली ठेवून उलट वाकत. चौकातल्या एका पोलिसाने तर ओशाळून त्यांच्यासाठी दोन्हीकडची वाहनं थांबवली, आणि मग बाईंना उगाचच रस्ता ओलांडावा लागला.

हा सगळा खटाटोप सुरू झाला तो मुलाच्या एका वाक्यापायी. वेनकाय तैपेईला पुलांचे आराखडे करतो. मुलगा गुणाचा, पण आईच्या बाबतीतही आराखडा करायची त्याला खोड. तो म्हणाला, "आई, त्या गावात आता तुझं आहे काय? पाऊस आणि घारी. आमच्याकडे चल. जिना नाही, लिफ्ट आहे."

"माझं पुष्कळ आहे इथे."

"काय आहे ते तरी सांग."

बाईंना सांगता येईना. सगळं आठवत होतं, पण बोटाने दाखवावं असं एकही जागेवर नव्हतं. तेव्हा त्या तोऱ्यात म्हणाल्या, "बारा फोटोंत दाखवते. बघून तुला काही दिसलं नाही, तर मुकाट्याने टेम्पोत बसेन."

वेनकाय लगेच कबूल झाला. त्यालाही घाई नव्हती, कारण चांद्रवर्षाचा सातवा महिना लागत होता आणि सातव्या महिन्यात कुणी घर हलवत नाही. या महिन्यात टेकडीवरच्या देवळाचं दार उघडतं आणि ज्यांचं मागे कुणी उरलं नाही असे सगळे बाहेर येतात. त्यांना भूत म्हणायचं नाही. ते ऐकतात, आणि त्यांना वाईट वाटतं. त्यांना भाऊमंडळी म्हणायचं. महिनाभर भाऊमंडळी गावात असतात, म्हणून गावाने जपून वागायचं. मागून हाक आली तर वळायचं नाही. दिवेलागणीनंतर दोरीवर कपडे ठेवायचे नाहीत, कुणीतरी घालून बघतं. आणि ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याला घरी बोलवायचं नाही. हे बाओजूबाईंना ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. गल्लीतल्या दोन पिढ्यांना हे त्यांनीच कान पिळून शिकवलं होतं.

आणि तरीही पहिल्याच दिवशी, भर दुपारी, त्यांनी ती चूक केली.

पावसाची झड चालू होती. धक्क्याच्या कठड्याशी एक गृहस्थ काळी छत्री घेऊन पाठमोरे उभे होते. बाईंनी मान खाली घातली, फोटो घेतला, मग त्यांना संकोच वाटला. न विचारता कुणाचा फोटो घेणं हे चांगल्या घरच्या बाईला शोभत नाही. ती ओशाळगत झाकायला त्या सवयीने म्हणून गेल्या, "जेवलात का? या की एकदा घरी जेवायला."

हे वाक्य कीलुंगमध्ये कुणीही कुणालाही म्हणतं. त्याचा अर्थ फक्त 'बरं आहे' एवढाच. पण ते गृहस्थ वळले नाहीत. फक्त छत्री थोडी पुढे कलली, माणूस मान डोलावतो तशी.

तेव्हा बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. महिन्याचा पहिला दिवस, पाठमोरा माणूस, वाकून केलेला नमस्कार आणि वर जेवणाचं आवतण! त्या तिथून निघाल्या त्या मागे न बघता घरी आल्या आणि मिठाच्या पाण्याने पाय धुऊन, जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने भात टाकला.

बाईंनी नुकतंच नाव घातलेला फोटोंचा वर्ग भरायचा वॉर्डाच्या सभागृहात. शिकवायला फांग सर. वय चाळिशीचं, केसांची शेंडी मागे बांधलेली, आणि बोलताना दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करायची सवय. बाकीचे म्हातारे मोबाईलवर फुलांचे फोटो काढत. बाईंनी आपला धुऊन आणलेला पहिला रोल टेबलावर मांडला तेव्हा सरांनी चौकट करून पाहिलं आणि चौकट मोडली.

"आजी, हा कशाचा फोटो?"

"कापडाच्या दुकानाचा. दारात ही एवढी पितळी कात्री टांगलेली असायची. माझ्या लग्नाचं कापड तिथलंच."

"इथे तर पार्किंग दिसतंय."

"दुकान पाडलं ना! तुमचा तेव्हा जन्मसुद्धा नसेल."

"आणि ही भिंत?"

"ते थिएटर. भिंत नंतर बांधली. इथे रांग लागायची, थेट कोपऱ्यापर्यंत. भाजलेल्या मक्याचा वास यायचा."

"आजी, वास फोटोत येत नाही." सरांनी दम घेतला. "हे बघा, एका शहराचे बारा फोटो म्हणजे बारा सुटे फोटो नव्हेत. त्यांच्यातून एक सूत्र जायला हवं. तुमचं सूत्र काय? जे नाही ते?"

वर्ग हसला. फुलांचे फोटो काढणारे लोक हसले, हे बाईंना जास्त लागलं. त्या फोटो गोळा करू लागल्या, तेवढ्यात शेजारी बसलेल्या लियाओबाईंनी त्यांचा हात धरला. लियाओबाई खालच्या मजल्यावर राहत. त्यांची नजर घारीची होती आणि आवाज फेरीवाल्याचा.

"बाओजूताई, हा कोण हो?"

धक्क्याच्या फोटोत तो होताच. पण पार्किंगच्या फोटोतही, दूर, गाड्यांच्या मध्ये एक काळी छत्री होती. आणि थिएटरच्या भिंतीपाशीही. तीच छत्री, तीच पाठ. आणि बाईंना नक्की आठवत होतं, त्या दोन्ही ठिकाणी फोटो घेताना काचेत चिटपाखरू नव्हतं.

सरांनी फोटो हिसकावून घेतले. "हेच! हेच सूत्र! आजी, कोण आहे हा माणूस?"

"मला काय माहीत!"

"तुम्ही मुद्दाम उभा केलात?"

"मी कशाला परक्या माणसाला उभं करू?"

"कमाल आहे. कुठे उभं राहायचं ते त्याला बरोबर कळतं. तो नसेल तर या फोटोत काही नाही. हे तीन ठेवा, बाकीचे टाकून द्या. असे बारा आणा, बघणारा हलणार नाही."

भीती वाटावी असा तो क्षण होता, आणि बाईंना ती वाटलीही. पण भीतीच्या आधी राग आला. कॅमेरा आपला, रोल आपला, पावसात भिजलो आपण, आणि कौतुक त्याचं!

लियाओबाईंच्या पोटात ही गोष्ट सभागृहाच्या पायरीपर्यंत टिकली. संध्याकाळी अख्खी गल्ली बाईंच्या जिन्यात होती. कुणी पपनसाची पानं आणली, कुणी तांदूळ-मीठ. एक म्हणाली, उशाखाली कात्री ठेवा. दुसरी म्हणाली, छे, कात्रीने चिडतात. तिसरीचं म्हणणं, कॅमेराच समुद्रात टाका, आणि ही तिसरी गेली वीस वर्षं बाईंकडून इस्त्री उसनी नेत होती.

"ताई, एक विचारू?" लियाओबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, म्हणजे फक्त जिन्यालाच ऐकू गेलं. "आशेंगदादा तर नसतील ना ते?"

"आमचे हे?" बाओजूबाई फणकारल्या. "चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस एकदा माझ्यासाठी थांबला नाही. कायम दहा पावलं पुढे. आणि हा बघ, प्रत्येक ठिकाणी माझ्या आधी येऊन उभा आहे. हा आमच्यातला नाही."

तेवढ्यात वॉर्डप्रमुख छाय आले. छाय यांना प्रत्येक प्रश्नात आपलं नाव घालायची हौस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे गृहस्थ आपल्या वॉर्डातले आहेत का? कारण धक्का पलीकडच्या वॉर्डात येतो. रीतसर बघायला गेलं तर ही त्यांची बाब आहे."

"तो रीतसर माझ्या मागे आलाय," बाई म्हणाल्या.

"मग आपली," छाय खिन्नपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई मासळीच्या जुन्या बंदराकडे गेल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांचं ओळखपत्र पाहिलं आणि परत दिलं, पण आडवा बांबू काही वर केला नाही.

"यांचंही दाखवा."

"कुणाचं?"

"तुमच्या बरोबरच्या काकांचं."

मागे वळायचं नाही, हा नियम. त्या समोर बघत म्हणाल्या, "मी एकटी आहे."

"आजी, मस्करी नको. मला वर उत्तर द्यावं लागतं. हे आत्ता तर होते, छत्री घेऊन..." पहारेकरी खिडकीतून वाकला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा हळूहळू भाताच्या पेजेसारखा झाला. त्याने बांबू वर केला, अगदी वर, एखादं जहाज जाईल इतका, आणि दुसरीकडे तोंड करून म्हणाला, "जा. दोघंही जा."

बाई गेल्या. बर्फाच्या कारखान्याचा फोटो घेतला. कारखाना अर्थात नव्हता.

तो रोल धुऊन आला तेव्हा त्यात तो होता, आणि आधीपेक्षा थोडा जवळ. लियाओबाईंनी फोटो पाहिला आणि त्याच पावली बाईंना देवळात नेलं. बरोबर छाय. जेवणाच्या आवतणाची गोष्ट बाईंनी वाटेतच कबूल केली. देवापुढे लाकडाचे दोन चंद्रकोरी ठोकळे टाकायचे. एक उताणा एक पालथा पडला तर देवाचा होकार, दोन्ही पालथे तर नकार, आणि दोन्ही उताणे पडले तर देव हसला असं समजायचं. छाय यांनी पुढाकार घेतला. हा भाऊमंडळींपैकी आहे का? होकार. कागदी पैसे हवेत का? नकार. कपडे? नकार. आपल्या वॉर्डाविषयी काही तक्रार? देव हसला.

"बाजूला व्हा," लियाओबाई म्हणाल्या. "देवा, ताईंनी यांना जेवायला बोलावलंय. तेच हवंय का?"

होकार. पुन्हा होकार. तिसऱ्यांदा होकार.

"झालं तर!" लियाओबाईंनी टाळी वाजवली. "ताई, उद्या ताट मांडा. जेवतील आणि जातील बिचारे."

बाई हो म्हणाल्या. पण देवळाच्या पायऱ्या उतरता उतरता त्यांच्या मनात एक विचार आला, आणि तो विचार असा होता की जिन्यातल्या बायकांना कळला असता तर त्यांनी कॅमेऱ्यासकट बाईंनाच समुद्रात टाकलं असतं. हा जेवून गेला तर फोटोंचं काय? सूत्र गेलं म्हणजे वर्ग हसणार, वेनकायला काही दिसणार नाही, आणि आपण टेम्पोत. अजून फोटो हातात होते पाच.

त्या मागे फिरल्या, ठोकळे उचलले आणि हळूच विचारलं, "देवा, जेवण महिनाअखेरीला दिलं तर चालेल का?"

देव हसला. बाईंनी तो होकार धरला.

मग सुरू झाली टाळाटाळ. लियाओबाई रोज वर येऊन विचारत, "ताट झालं का?" आणि बाई रोज नवं कारण देत. आज ताजी मासळी नाही. आज गॅस संपला. आज माझा गुडघा. आतापर्यंतच्या आयुष्यात बाओजूबाईंच्या दारातून कुणी उपाशी गेलं नव्हतं, आणि आता एका माणसाला त्यांनी आवतण देऊन तिष्ठत ठेवलं होतं, तेही फोटोसाठी. रस्त्यात त्या मान खाली घालून काचेत बघत आणि पुटपुटत, "जरा डावीकडे उभे राहा. म्हणजे तुमच्या उजवीकडे. थोडेच दिवस हो, मग पोटभर वाढते." काचेत कुणी नसे. येणारे-जाणारे मात्र लांबून वळसा घालून जात. मासळीवाल्या आता उलट वाकेनाशा झाल्या.

फोटोंत तो जवळ जवळ येत होता. आधी छत्री, मग कोटाची शिवण, मग मानेवरचे पांढरे केस. तोंड कधीच नाही.

एके दुपारी बाईंनी सगळे फोटो जेवणाच्या टेबलावर पसरले. बाहेर पावसाचा आवाज होता. थिएटरच्या भिंतीचा पुन्हा काढलेला फोटो त्यांनी हातात घेतला आणि त्या बघतच राहिल्या. भिंत सबंध कोरी होती, लांबच लांब. तो कुठेही उभा राहू शकला असता. पण तो उभा होता पूर्वी जिथे तिसरा खांब होता त्याच्या डावीकडे, थोडा पुढे झुकून. तिथे तिकिटाची खिडकी होती. ती इतकी खाली होती की सगळ्यांना तसंच झुकावं लागे. हे माहीत असलेली माणसं आता गावात किती राहिली असतील?

बाईंनी भराभर बाकीचे फोटो ओढले. पार्किंगमध्ये तो कापडाच्या दुकानाच्या दारात उभा होता, आणि मान अशी एका बाजूला घेतली होती, जशी कात्री डोक्याला लागू नये म्हणून सगळे घेत. बर्फाच्या कारखान्यापाशी तो जिच्यावरून बर्फाच्या लाद्या घसरत येत त्या फळीच्या जागेपासून हातभर बाजूला. धक्क्यावर, जिथे पलीकडे नेणारी होडी लागायची, नेमका तिथे. तो इकडे पाठ करून उभा नव्हता. तो तिकडे तोंड करून उभा होता. त्याला ते सगळं दिसत होतं.

आपल्याला जे नुसतं आठवतं ते कुणालातरी दिसतंय, या विचाराने बाओजूबाईंना एकदम इतकं बरं वाटलं की त्यांना हुंदका आला. आणि लगेच अंगावर काटा आला, कारण डोळे पुसताना त्यांची नजर दाराकडे गेली. त्या सकाळपासून बाहेर गेल्या नव्हत्या. त्यांची छत्री मोरीत कोरडी टांगलेली होती. पण पायपुसण्यापाशी, छत्री टेकवून ठेवावी तिथे, पाण्याचं एक लहानसं थारोळं होतं. आणि टेबलाच्या पलीकडची खुर्ची थोडी मागे ओढलेली होती. बसलं कुणी नव्हतं. बसा म्हटल्याशिवाय बसू नये, इतपत वळण त्या माणसाला होतं.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेल्याहून, हा शब्द त्यांना त्याच क्षणी मागे घ्यावासा वाटला.

"उद्या," त्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या. "उद्या नक्की. माफ करा."

दुसरा दिवस महिन्याचा शेवटचा होता. फोटो अकरा झाले होते, रोलमध्ये एकच जागा उरली होती, आणि बारावा फोटो कुठे घ्यायचा हेही ठरलेलं होतं. पण बाईंनी सकाळपासून चूल धरली. मासळी उकडली, शेवयांचा रस्सा केला, अळकुड्यांची भजी तळली, शेंगदाणे घालून डुकराचे पाय शिजवले. कारल्याचं सूपही केलं, कारण यजमानांना आवडायचं आणि सवय जात नाही. जिन्यातल्या सगळ्याजणी मदतीला आल्या. छाय यांनी गल्लीच्या तोंडाशी टेबल मांडलं, वर ताडपत्री बांधली आणि "वॉर्डातर्फे स्वागत" असं लाउडस्पीकरवर म्हणायला लागले, तेव्हा लियाओबाईंनी वायर उपटली.

कॅमेरा बाईंच्या गळ्यात होता. वाढताना आडवा येतो म्हणून त्यांनी तो काढून, झाकण बंद करून, मागे कठड्यावर ठेवला. उदबत्ती पेटवली. बायका टेबलाच्या पलीकडे ओळीने उभ्या राहिल्या. बाओजूबाईंनी उदबत्ती दोन्ही हातांत धरून मान खाली घातली. या वेळी कॅमेऱ्यासाठी नव्हे.

"उशीर झाला," त्या म्हणाल्या. "जेवा सावकाश."

आणि मागे, कठड्यावर, खट् असा आवाज झाला.

बाईंना तो आवाज ओळखीचा होता. पण मागे वळायचं नाही. समोरच्या बायकांनी ताडपत्रीच्या कडेने डोळे मोठे करून पाहिलं, आणि मग सगळ्याजणींना एकाच वेळी आपापल्या चपलांमध्ये काहीतरी बघण्यासारखं आहे असं आठवलं. उदबत्ती संपली. ताटं उचलताना लियाओबाईंच्या लक्षात आलं की सगळे पदार्थ गारढोण झाले होते, जसे तास-दोन तास उघडे राहिलेले. फक्त कारल्याच्या वाडग्यातून अजून वाफ निघत होती.

"कारलं आवडत नाही वाटतं त्यांना," लियाओबाई कुजबुजल्या.

कॅमेरा बाईंनी उचलला तेव्हा, मधेच पाऊस येऊनही, तो भिजलेला नव्हता. शेवटची जागा मात्र खर्च झाली होती. सूत्र गेलं, बारावाही गेला, असं म्हणून त्यांनी तो रोल लियाओबाईंबरोबर धुवायला पाठवला आणि कपाटातल्या आपल्या जुन्या रेशमी झग्यांच्या घड्या घालायला घेतल्या. टेम्पोसाठी.

दुसऱ्या दिवशी वेनकाय आला. दुपारी टेकडीवर दार बंद करायचा विधी असतो, त्यामुळे रस्ते गजबजलेले. टेम्पो त्याने लांब उभा केला होता. बाईंनी अकरा फोटो भिंतीवर दोरी बांधून लावले होते. तो एकेकापुढे थांबत, हात मागे बांधून, आराखडा तपासावा तसा पुढे सरकत गेला. शेवटाला पोचला, परत पहिल्याकडे आला.

"आई, हे काका कोण?"

बाई दोरीचा एक चिमटा सरळ करू लागल्या.

"सगळ्या फोटोंत आहेत. इथे लांब आहेत. मग जवळ. मग आणखी जवळ." त्याचे कान लाल झाले. "किती दिवस चाललंय हे?"

"महिनाभर," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना कळलं की मुलाला काय वाटलंय.

बाहत्तर वर्षांची अब्रू त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. पण खरं सांगितलं, तर आज संध्याकाळी तैपेईच्या डॉक्टरपुढे बसावं लागणार. त्यांनी लियाओबाईंकडे पाहिलं. फोटोंचं पाकीट घेऊन नुकत्याच आलेल्या लियाओबाई छताकडे पाहत होत्या.

"बाबांना जाऊन सहा वर्षं झाली," वेनकाय म्हणाला. "मी काही म्हणणार नाही. पण सांगायचंस तरी. माणूस कसा आहे?"

"शांत आहे. फार बोलत नाही."

"करतात काय?"

"आता काही नाही."

"निवृत्त," लियाओबाई छताला म्हणाल्या.

"मुलंबाळं?"

"कुणी नाही रे त्यांना."

"घरी येतात?"

"जेवायला आले होते. एकदाच. मीच बोलावलं होतं."

वेनकायने मान हलवली आणि लियाओबाईंच्या हातातलं पाकीट घेतलं. त्यात पाऊसच पाऊस आलेले वाया गेलेले फोटो होते. आणि एक होता, जो त्याने बाहेर काढला आणि बराच वेळ धरून ठेवला.

गल्लीचं तोंड. टेबलावरची वाफ. आणि पाठमोरी, उदबत्ती हातात घेऊन मान खाली घातलेली एक म्हातारी. फोटोच्या वरच्या कडेला काळ्या छत्रीची झालर आली होती. ज्याने फोटो काढला त्याने कॅमेऱ्यावर छत्री धरली होती.

"हा त्यांनी काढलाय ना?" वेनकाय म्हणाला. "कॅमेरा भिजू नये म्हणून किती जपलंय बघ."

लियाओबाई मटकन खुर्चीवर बसल्या. बाओजूबाई फोटोकडे बघत होत्या. गल्लीच्या तोंडाशी टेबल छाय यांनी त्यांना वाटेल तिथे मांडलं होतं. पण फोटोत बाई एका खास कोनातून दिसत होत्या, बरोबर त्या पायरीशी, जिथे त्यांची आई शेवयांच्या रश्श्याची गाडी लावायची. आईच्या पाठीला वाकताना जो बाक यायचा तोच बाक. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. गाडी होती तेव्हा त्या स्वतः टेबलाएवढ्याही नव्हत्या. गाडीपुढे छत्र्या घेऊन उभी राहणारी गिऱ्हाइकं त्यांना आठवत होती, पण त्या उंचीवरून कुणाचं तोंड दिसत नसे.

"आई," वेनकाय हळूच म्हणाला, "तुझा असा फोटो आमच्यापैकी कुणी कधी काढला नाही." मग त्याने खिशातून फोन काढला. "टेम्पो परत पाठवतो. तो शिवणी उसवलेल्या झग्यांचा ढीग ठेव परत कपाटात."

बाईंनी पदर नसूनही तो डोळ्यांना लावावा तशी बाही लावली.

वेनकाय निघाला तेव्हा टेकडीवर घंटा सुरू झाली होती. दोघी बाल्कनीत आल्या. तो खाली गल्लीत पोचला, कोपऱ्यापाशी थांबला. कोपऱ्यापलीकडचं बाल्कनीतून दिसत नाही. पण त्याला तिथे कुणीतरी दिसलं असावं, कारण त्याचा चेहरा उजळला. त्याने मोठ्या अदबीने मान खाली घातली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काका! तैपेईला या की एकदा घरी जेवायला!"

"अरे नको!" दोघी एकदमच ओरडल्या. पण तेवढ्यात टेकडीवरची घंटा मोठ्याने वाजली आणि थांबली. दार बंद झालं होतं. वेनकाय हात हलवून निघून गेला.

"ताई," लियाओबाई कठडा घट्ट धरून म्हणाल्या, "आत गेले असतील ना हो ते? वेळेत?"

बाओजूबाई कठड्यावरून वाकून कोपऱ्याकडे बघू लागल्या.

सात वाजता फोन आला. "आई, पोचलो," वेनकाय म्हणाला. मागे वाट्यांचा आवाज येत होता, सून हसत होती. "अगं, यीज्वेनने आज चुकून एक वाटी जास्त मांडली. आणि इथे कडकडीत ऊन होतं दिवसभर, तरी दारात पायपुसण्यावर पाणी कुठून आलं कोण जाणे. थांब, ती वाटी उचलून ठेवतो आणि बोलतो."

"उचलू नकोस," बाई म्हणाल्या. "खुर्ची ओढ, बसा म्हण, आणि गरम आहे तोवर वाढ."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आणि हे बघ," त्या म्हणाल्या, "कारलं वाढू नकोस."